किल्ली उपलब्ध नाही

पहाटे स्वारगेटला आप्पा उतरले,
एसटीच्या अर्ध्या तिकिटात, पिशवीत दशम्या,
आणि म्हणाले, आलोच हाय तर पुणं दाखव की.
माझ्याकडे एक तारखेपर्यंत दोनशे दहा रुपये.
मेसचे भरले होते. अभ्यासिकेचे राहिले होते.

रात्री अभ्यास सोडून यादी केली होती,
मुलाखतीत विचारतील तशी पाठ:
कुठलं फाटक किती वाजता उघडतं,
कुठे फाटक आहे आणि तिकिटाची खिडकी नाही.

सारसबाग समोरच.
तळ्यातल्या गणपतीला आप्पांनी
चपला काखेत धरून नमस्कार केला.
ठेवायला पैसे पडतात, असं त्यांना वाटलं.
पडतही असतील, मी विचारलं नाही.
हिरवळीवर म्हाताऱ्यांचा हसायचा वर्ग भरला होता.
कडेला उभं राहून आप्पाही थोडं हसले,
नवीन नाव घातल्यासारखे.

मग चालत. जवळच आहे, म्हटलं.
टिळक रस्ता संपला तेव्हा पुन्हा म्हटलं,
लकडी पुलावर तिसऱ्यांदा.
ते बोलले काहीच नाहीत.
चपलेचा अंगठा सुटत आला होता,
तो बोटांनी आवळून चालत होते.

पाताळेश्वरात खडक अजून गार होता.
आप्पांनी खांबावर तळवा ठेवला,
जिथे छिन्नी मध्येच थांबलीय तिथवर गेले.
"काम अर्धं सोडलंय," म्हणाले,
"मजुरी बुडाली असंल."
पुस्तकात कारण वेगळं होतं.
चार वेळा वाचलेलं, तिथे आठवलं नाही.

अठरा मे. वर्षातून एकदा
संग्रहालयाचं दार फुकट असतं,
हे त्यांना सांगितलं नव्हतं.
"थांबा, तिकीट काढते," म्हणून आत गेले,
खिडकीशी जरा रेंगाळले, पर्स उघडली, मिटली.
तेवढ्यात रखवालदार रणपिसे दारातून ओरडला,
"अहो काका, या की आत, आज फुकट आहे!"
आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.
मी दारावरच्या नक्षीकडे.

दुसरा मजला. काचेत कुलपं.
चाळीस वर्षं उदगीरच्या बाजारात
टपरीत बसून लोकांची कुलपं उघडलेला माणूस
काचेला नाक लावून उभा.
खाली चिठ्ठी: लोखंडी कुलूप. किल्ली उपलब्ध नाही.

"किल्ली लागतच न्हाई ह्याला.
बुडाची कडी दाबायची, डावीकडं सरकवायची.
आन् टांगलंय उलटं."

रणपिसेने स्वतःचं स्टूल आणून दिलं.
आप्पा बसले नाहीत.
हवेतच कुलूप धरलं, हवेतच कडी दाबली,
खट् असा आवाज तोंडाने काढला.
कुठल्याशा शिबिराची पोरं गोळा झाली होती,
त्यांनी पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा खट्.
माझ्या जन्मात मी त्यांना
इतक्या जणांसमोर बोलताना पाहिलं नव्हतं.

बाहेर पडताना अभिप्रायाची वही.
लोक लिहितात, छान, सुंदर, गौरवशाली.
आप्पांनी पेन घट्ट धरून लिहिलं:
मारोती शंकर पांचाळ, उदगीर.
कुलूप सरळ करावे.

संध्याकाळी बसस्टँडच्या कट्ट्यावर दशम्या खाल्ल्या.
"तिकिटाची जागा असती," ते म्हणाले,
"तर पैसे वसूल करायच्या नादात
निम्मं बघायचंच राहिलं असतं."
मी मिरचीचा ठेचा तिखट असल्याचं सांगून डोळे पुसले.
ठेचा तिखट होताच.

रात्री वहीत हिशेब:
चहा वीस, चप्पल शिवली पंधरा,
बाग शून्य, लेणं शून्य, संग्रहालय शून्य.

आता दर रविवारी फोन येतो.
निकालाचं विचारत नाहीत.
विचारतात, ते कुलूप सरळ केलं का गं?
मागे टपरीत कानस चालू असते, खर्र खर्र.
परवा मी म्हटलं, आप्पा, आता तिकीट लागतं तिथे,
पुढच्या अठरा मेला बघून सांगते.

पलीकडे कानस थांबली.

मग म्हणाले, बरं,
आणि ती पुन्हा सुरू झाली.